काळी चार

मार्च संपत आला की आमच्या गल्लीत कूलर उतरवायला सुरुवात होते. गच्चीवरून, माळ्यावरून, जिन्याखालून ते पत्र्याचे पेटारे बाहेर येतात. कोणी त्यांना रंगाचा हात देतं, कोणी न चालणाऱ्या पंपाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं, आणि सायकलवर वाळ्याच्या ताट्या लादलेला माणूस ओरडत जातो. मग एका दुपारी पहिल्यांदा पाणी सोडलं जातं आणि ओल्या वाळ्याचा वास घराघरात पसरतो. अख्खं नागपूर या वासावर जीव टाकतं. पुण्या-मुंबईला गेलेली आमची माणसं त्याच्या नुसत्या आठवणीने हळवी होतात. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. तळहात ओले होतात, घसा आपोआप खाकरला जातो, आणि मी, सहासष्ट वर्षांची निवृत्त संगीतशिक्षिका, हातातली भाजी तशीच ठेवून दाराकडे बघत बसते. जसं काही आता कोणी माझं नाव पुकारणार आहे.

हा गोळा एका उन्हाळ्याचा आहे. सत्तरच्या दशकातला, मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाचा. शहरातल्या एका नाट्यसंस्थेने नवं संगीत नाटक बसवायला घेतलं होतं आणि नायिकेसाठी गाणारी मुलगी हवी होती. मे महिन्यातल्या एका रविवारी निवड होती. दोन पदं म्हणायची, एक संथ, एक जलद, आणि एक स्वगत. कॉलेजच्या फळ्यावर तो कागद चिकटवलेला मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा आजूबाजूला कोणी बघत नाही ना, याची खात्री करून घेतली. मला ती भूमिका हवी होती. चारचौघींना हवी असते तशी नाही, हावरटासारखी हवी होती. आमच्या सक्करदऱ्याच्या वस्तीतून त्या नाट्यगृहात तिकीट काढून जाणारेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि मला तिथे पडद्याच्या आतल्या बाजूला उभं राहायचं होतं.

गाणं मला मोठेबाबांनी दिलं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, शिवराम. राहायला कामठीला, काम यंत्रमागावर. पण तरुणपणी दिवाळी झाली की ते माग सोडून भंडारा-चांद्याकडच्या झाडीपट्टीत नाटकांना जायचे. धान निघालेल्या शेतात मांडव पडायचे आणि मोठेबाबा राजा व्हायचे, ऋषी व्हायचे, देव व्हायचे. घरी आमच्याकडे छप्पन सालच्या धर्मांतरानंतर देव्हारा राहिला नव्हता. भिंतीतला तो कोनाडा रिकामा झाला तेव्हा मोठेबाबांनी त्यात आपली पेटी ठेवली, लाल फडक्यात गुंडाळून. "तिकडं स्टेजवर मी देव होतो, इकडं घरी पेटी," असं ते हसून म्हणायचे. त्यांचा आवाज चढा म्हणून नाव होतं. बाकीचे गायक काळी एकमध्ये, फार तर काळी दोनमध्ये गात. मोठेबाबा त्याहून वर, पांढरी चारमध्ये. पेटीची कुठली पट्टी तुमचा 'सा', यावरून गाणाऱ्याची ओळख ठरते. मोठेबाबा पांढरी चारचे, आणि मी काळी चारची. घरच्या माणसांत हे आमच्या आडनावाइतकं पक्कं होतं.

परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी सक्करदऱ्याहून सीताबर्डीला आणि तिथून कामठीच्या बसने त्यांच्याकडे जाऊ लागले. बसमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात स्वगत घोकायची. शेजारच्या बाया माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघून सरकून बसत. मोठेबाबांच्या घराला लागूनच मागांची शेड होती. सहाच्या ठोक्याला तिथे खटक-खटक सुरू व्हायचं ते थांबायचं नावच घ्यायचं नाही, आणि त्या आवाजावर मात करून मला गावं लागायचं. मोठेबाबा दुसऱ्या पाळीला जायचे, त्यामुळे सकाळ आमची. आधी तासभर नुसता 'सा'. त्यांचं बोट चौथ्या काळ्या पट्टीवर आणि माझी नजर त्या बोटावर. मागाच्या धाग्यांनी त्या बोटाला बारीक चिरा पडलेल्या असत.

संथ पद त्यांच्याच एका जुन्या नाटकातलं होतं. त्याची वही फक्त त्यांच्याकडे होती, नाटक लिहिणाराही आता राहिला नव्हता. त्या पदाच्या अंतऱ्यात एक जागा होती. तारसप्तकातल्या पंचमावर जाऊन तिथे थांबायचं, चार मात्रा, न हलता. "तिथं लोक श्वास धरते," मोठेबाबा सांगायचे. "तू सोडला त लोक बी सोडते. तू धरून ठेव." मी धरून ठेवायची. दहापैकी चार वेळा, मग सहा, मग एप्रिलच्या अखेरीस नऊ. दहावी वेळ कुठली असेल, याच्या धास्तीने माझं जेवण कमी झालं.

स्वगताची तऱ्हा निराळी होती. भाषा पुस्तकी हवी, आणि शिकवणारे मोठेबाबा.

"मले नाही म्हणायचं वं, मला म्हणायचं. मी तुले कितीदा सांगू?"

"तुम्ही स्वतःच तुले म्हणून राहिले नं, मोठेबाबा!"

"माहं सोड. मले कोण विचारून राह्यलं? तुले विचारतीन."

मोठी आई, म्हणजे माझी काकू, चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसायची. पण मोठेबाबा हसत नसत. त्या दिवसांत ते फारसे हसलेच नाहीत. गळ्याची त्यांना इतकी काळजी की सुरईचं पाणी बंद, पन्हं बंद, कैरीचं लोणचं ताटाबाहेर. उन्हाची झळ लागू नये म्हणून ओढणीच्या टोकाला कांदा बांधलेला, आणि तोंडात सदान्‌कदा ज्येष्ठमधाची काडी. आणखी एक ताकीद होती, सगळ्यांत कडक. दुसऱ्या पेटीवर गायचं नाही. कोणाच्याही. "पेटीपेटीचा स्वभाव असते," ते म्हणायचे. "एकीले जीव लावला की दुसरीवर जाऊ नये. गळा गोंधळते." मी ते खरं मानलं. गुरूने सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या गोष्टी अशाच असतात, कारण विचारायचं नसतं.

तरी एकदा मी गेलेच. निवडीच्या आठवडाभर आधी कॉलेजात पुस्तकं परत करायला गेले होते. गाण्याच्या खोलीचं दार उघडं होतं, पेटी समोर होती आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. काळी चार लावून मी ते पद म्हणायला घेतलं. अंतऱ्यात पंचमावर गेले आणि आवाज थरथरला. पुन्हा गेले, पुन्हा तेच. त्या कोंदट खोलीत मला दरदरून घाम फुटला. दुसऱ्या दिवशी कामठीला गेल्या गेल्या मी मोठेबाबांना सांगून टाकलं, नियम मोडल्याचंही सांगितलं. मला वाटलं आता ओरडतील.

ते ओरडले नाहीत. त्यांनी पेटीवरचं फडकं उचललं, पुन्हा घडी करून ठेवलं, पुन्हा उचललं.

"कॉलेजची पेटी चढली असंन," ते म्हणाले. "उन्हानं चढते कधी कधी."

"लाकडाची पेटी उन्हानं चढते?"

"गा तू. बोलू नको जास्त."

मी गायले. त्यांच्या पेटीवर पंचम स्वच्छ लागला आणि मी सगळं विसरले. एकोणिसाव्या वर्षी माणसाला हवं तेच ऐकू येतं. आज कोणी मला सांगितलं की पेटी उन्हाने चढली, तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन.

निवडीच्या दिवशी दुपारी तीनची वेळ होती. नागपूरच्या मेमध्ये दुपारी तीन वाजता रस्त्यावर कुत्रंही नसतं. मोठेबाबा कामठीहून परस्पर आले होते, इस्त्रीचा सदरा, काळी टोपी. हॉलच्या खिडकीला मोठा कूलर लावलेला, नवीन ताट्यांचा, आणि सगळ्या हॉलभर तो ओला वास. आम्ही सहा जणी भिंतीला लागून बसलो होतो. कूलरच्या ओलाव्याने तबल्याचं कातडं सैलावत होतं, म्हणून दर मुलीनंतर तबलजी हातोडी घेऊन ठक ठक करत तो पुन्हा चढवून घ्यायचा. ती ठक ठक माझ्या दातांत बसायची. तीन मुली झाल्या. धंतोलीची एक मुलगी अशी काही गायली की मी माझ्या बोटांची नखं मोजू लागले.

माझं नाव पुकारलं आणि मी उठले, तेवढ्यात टेबलामागच्या तिघांपैकी वयस्कर गृहस्थांनी चष्मा वर करून मागच्या बाकाकडे पाहिलं.

"शिवराम ना तुम्ही? कामठीचे?"

मोठेबाबा उभे राहून नमस्कार करते झाले.

"अहो, तरुणपणी पवनीच्या यात्रेत ऐकलंय मी तुम्हाला! पांढरी चार!" ते शेजारच्या दोघांना सांगू लागले, "पुरुषाचा आवाज आणि पांढरी चार, फर्लांगभर लांबून अंगावर यायचा." मग पुन्हा मोठेबाबांना, "अजून तिथेच का?"

"अजून तिथंच," मोठेबाबा म्हणाले आणि खाली बसले.

त्या ओळखीने माझी छाती फुगली. पेटीवाल्या काकांनी विचारलं, "सूर कोणता?"

"काळी चार," मी म्हटलं, जरा जोरातच.

त्यांनी पट्टी दाबली, भाता हलवला, आणि मी 'सा' लावायला तोंड उघडलं. गळा जिथे जाऊन बसायचा तिथे सूर नव्हता. तो वर होता. किंचित, अर्धा सूर, पण वर. कॉलेजच्या खोलीत होता तिथेच. ही पेटीसुद्धा उन्हाने चढली? मी मागे पाहिलं. मोठेबाबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी टोपी काढून मांडीवर घेतली होती आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत होते, गोल गोल. तेव्हा मला कळलं. जगातल्या पेट्या चढलेल्या नव्हत्या, आमच्या कोनाड्यातली उतरलेली होती. आणि ते मोठेबाबांना माहीत होतं.

पेटीवाल्या काकांनी दुसऱ्यांदा 'सा' दिला. एवढंच म्हणायचं होतं, 'काका, अर्धा सूर खाली घ्या, पांढरी पाच.' गाणारे असं शंभरदा म्हणतात, त्यात काही लाजिरवाणं नाही. पण नुकतंच त्या चष्मेवाल्यांनी सगळ्या हॉलसमोर 'पांढरी चार' म्हटलं होतं आणि मोठेबाबांनी 'अजून तिथंच' म्हटलं होतं. मला वाटलं, मी तोंड उघडलं तर सगळ्यांना सगळं कळेल. मी काळी चारमध्येच सुरुवात केली.

पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट अशी सांगत आले की मोठेबाबांच्या अब्रूसाठी मी गप्प राहिले. ते अर्धंच खरं आहे. मला वाटलं होतं की मी निभावून नेईन. वाटलं होतं की काळी चारची म्हणून मी मिरवलेली शेखी त्या धंतोलीच्या मुलीसमोर खाली का म्हणून आणायची. आणि रागही होता. महिनाभर त्यांनी मला चुकीच्या जागी उभं राहून उडी मारायला शिकवलं, याचा भयंकर राग.

अस्थाई बरी गेली. अंतरा आला. मध्यमापर्यंत मी पोचले, पंचमावर गेले, एक मात्रा, दोन मात्रा, आणि तिसरीला आवाज फाटला. नुसता घसरला नाही, कापड फाटतं तसा मधोमध फाटला. मी थांबले. तबला दोन ठेके पुढे जाऊन थांबला. कूलरचं पाणी ताट्यांवरून ठिबकत होतं ते ऐकू येऊ लागलं.

"ठीक आहे," टेबलामागचं कोणीतरी म्हणालं, चांगल्या शब्दांत. "बसा तुम्ही. पुढची..."

"साहेब."

मोठेबाबा उभे राहिले होते, टोपी हातात.

"साहेब, तिले पांढरी पाच द्या. तिची चूक नाही हे. तिचा सूर पांढरी पाचच आहे, तिले मालूम नोहोतं." ते थांबले. मग चष्मेवाल्यांकडे बघून म्हणाले, "माही पेटी अर्धा सूर उतरवलेली आहे. टायफाइड झाल्यावर माहा आवाज उतरला. मी पेटी दुरुस्तीच्या नावानं नेली अन् आतल्या सगळ्या सुरांच्या पितळी जिभा घासून घेतल्या. घरी बी कोणाले सांगतलं नाही. लोक पांढरी चार म्हणे, मी बी म्हणत गेलो. आता तिथं नाही मी. लय वर्षं झाले."

पेटीवाले काका खाली मान घालून पट्ट्यांवरची धूळ पुसत होते, आणि तिथे धूळ नव्हती. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"पांढरी पाच द्या हो तिला," ते म्हणाले.

मी ते पद पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पंचमावर गेले, चार मात्रा थांबले. लोकांनी श्वास धरला का, मला माहीत नाही. मी फक्त मागच्या बाकावरच्या टोपीकडे बघत होते. मग जलद पद झालं. मग स्वगत, आणि त्यात एकदा 'मले' निसटलंच.

परतीच्या वाटेवर सीताबर्डीच्या स्टँडवर त्यांची कामठीची बस आधी लागली होती. ते चढले नाहीत. आम्ही बाकावर बसून राहिलो.

"काळी चार सोडली काहून नाही तू?" त्यांनी विचारलं. "पहिल्या सुराले समजलं होतं तुले. मी पाह्यलं."

"तुम्ही होते नं मागं."

"मी मागं होतो म्हणूनच त सोडायचं होतं, पोरी."

एवढं बोलून ते पुढची बस बघायला उठले.

नायिकेचं काम त्या धंतोलीच्या मुलीला मिळालं. तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता. हे वाक्य लिहायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली. मला सखीचं काम मिळालं, दोन पदं, दोन्ही पांढरी पाचमध्ये. त्या हिवाळ्यातले सगळे प्रयोग मी केले आणि पुढे बरीच वर्षं करत राहिले. मोठेबाबांकडे रविवारी जुने ऐकणारे जमत. निवडीनंतरच्या रविवारी मी मुद्दाम गेले होते. कोणीतरी म्हणालं, शिवरामभाऊ, होऊन जाऊ द्या, पांढरी चार. मोठेबाबांनी पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही पांढरी चार दिसते, पण खरी पांढरी तीन आहे. चालते का?" मोठी आई चहाचे कप घेऊन दारात तशीच उभी राहिली. जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "गा नं गा, आम्ही काय पट्टी ऐकाले येतो काय?" आणि मोठेबाबा गायले. इतके मोकळे गाताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

ती पेटी आता माझ्याकडे आहे. मी ती कधी वर करून घेतली नाही. पण गेल्या पावसाळ्यानंतर तिचा भाता फाटला म्हणून दुरुस्तीला दिली, तेव्हा कारागिराने सहज विचारलं, "बाई, तुमचा आवाज जरा खाली आलाय. सूर अजून अर्ध्याने उतरवून देऊ? कोणाला कळणारही नाही." मी 'नको' म्हणायला हवं होतं. मी 'बघते' म्हणाले. दोन दिवस पेटी त्याच्याकडे राहिली आणि दोन दिवस मी घरात येरझारा घातल्या. माझ्याकडे शिकणाऱ्या मुली मला काळी चारच्या बाई म्हणतात. त्यांच्या आयांनाही तेच माहीत. तिसऱ्या दिवशी मी रिक्षा करून गेले आणि पेटी होती तशी उचलून आणली.

काल आमच्या कूलरला यंदाचं पहिलं पाणी सोडलं. तन्वी नावाची माझी एक विद्यार्थिनी आली होती. तिची पुढच्या महिन्यात एका संगीत नाटकासाठी निवड आहे. तिच्या मोबाइलमध्ये तानपुरा आहे, तो कधी चढत नाही, उतरत नाही. तिने विचारलं, "मॅडम, तुमचा सूर काळी चार ना? मी तुमच्याबरोबर म्हणून बघू?"

ओला वास खोलीभर झाला होता. मी पेटीवरचं लाल फडकं काढलं, चौथ्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे बघ, ही पेटी अर्धा सूर उतरवलेली आहे. हिची काळी चार म्हणजे खरी पांढरी पाच. आणि मला आता तीही जमत नाही. मी अजून अर्ध्याने खाली, काळी तीनमध्ये गाते."

"बरं," तन्वी म्हणाली आणि मोबाइलवर सूर बदलू लागली. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि एवढं म्हणताना माझे तळहात ओले झाले होते. भरल्या हॉलमध्ये, टोपी हातात घेऊन, ते कसे म्हणाले असतील?